हलकं स्टेअरिंग

१

दिवाळी झाली की आमची वस्ती रिकामी होते. माणसं, पोरं, कोंबड्या, भांडी, सगळं ऊसतोडीला निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत उरतो मी आणि धूळ. गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर प्रत्येक दाराला कुलूप आणि कुलपापुढे बाभळीची काटी आडवी लावलेली. काटी चोरासाठी नसते, चोराला आमच्याकडे नेण्यासारखं काय सापडणार. कुत्र्यांनी आणि डुकरांनी उंबऱ्यावर संसार मांडू नये म्हणून ती लावतात.

मी कधी ऊस तोडला नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून आयुष्य गेलं. निवृत्त झालो, मग बायको मनकर्णा गेली. मुलगी लांब नांदते. लोक म्हणाले, अभिमन्यू, तालुक्याला एखादी खोली बघ, इथे सहा महिने भिंतींशी बोलणार का तू. मी म्हणालो, भिंती उलटून बोलत नाहीत, तेवढंच सुख. स्वभावाला औषध नसतं. पण खरं सांगायचं तर पौष महिन्यात दुपारी जेवायला बसलं की आपल्याच चावण्याचा आवाज ऐकू येतो आणि घास फिरतो.

वस्तीत माझ्याशिवाय एकच माणूस मागे राहतं. वत्सलाकाकू. माझ्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मुलगा अजिनाथ आणि सून करिष्मा तोडीवर जातात, काकूंना आता ते झेपत नाही. रोज सकाळी त्या भिंतीपलीकडून विचारतात, "अभिमन्यू, उठलास का रं?" मी म्हणतो, "उठलो." एवढंच. पण त्या एवढ्यावर माझा दिवस चालू होतो.

यंदा काकूंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं भरले. मी त्यांना धुरासारखा दिसतो म्हणायच्या. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजवा आता काढलाच पाहिजे, पिकून गेलाय, आणखी थांबलात तर डोळाच जाईल. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. काळीपिवळी जीपवाले सगळे तोडीची माणसं वाहायला गेलेले, एसटी फाट्यापर्यंतच येते आणि काकूंना फाट्यापर्यंत चालवत नाही. राहिली अजिनाथची जुनी पिकअप. ती लिंबाखाली उभी होती. इंजिन धडधाकट, पण हॉर्न बिघडलेला, आणि मांजरसुंब्याच्या घाटात बिनहॉर्नची गाडी घालणं म्हणजे डोळे मिटून विहिरीच्या काठानं चालणं.

अजिनाथ फोनवर म्हणाला, "काका, तेवढं बघा. आईला घेऊन जावा. तुमच्याबगर कोन हाय आता तिथं?"

तुमच्याशिवाय कोण आहे. हे वाक्य मी तेव्हा साधं म्हणूनच ऐकलं.

२

हॉर्नचं दुखणं विचित्र होतं, पण अवघड नव्हतं. बटण दाबलं तर ढिम्म. आणि चाक डावीकडे वळवलं की न दाबता बोंबलायचा. स्टेअरिंगच्या मधली टोपी काढली. खालची स्प्रिंग गंजून बसली होती, ती घासून तेल दिलं. हॉर्नची तार स्टेअरिंगच्या नळीतून खाली जाते. नळीच्या तोंडाशी तिचं प्लास्टिक घासून आतलं तांबं उघडं पडलेलं. चाक डावीकडे गेलं की तांबं लोखंडाला टेकत होतं. गाडीतलं प्रत्येक दुखणं कुठल्यातरी तारेत नाहीतर नटात असतं, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. नवी तार ओढली, टोपी बसवली.

दुरुस्ती झाली की चाचणी घ्यायचीच, हा वर्कशॉपचा शिरस्ता. मी गाडी चालू केली आणि हळूहळू गल्लीतून काढली. पौषातलं स्वच्छ ऊन होतं. धुळाजीच्या दारापुढे डावीकडे चाक वळवलं, हॉर्न गप्प राहिला. बटण दाबलं, खणखणीत वाजला. जरा पुढे रामकिसनच्या दारापुढे पुन्हा दाबलं. असं एकेका दारापुढे, एकेक लांब हॉर्न देत गल्लीच्या टोकाच्या पारापर्यंत गेलो. पाराला वळसा घालून गाडी थांबवली आणि खुशीत दोन आखूड दिले.

हात का तसा चालला, ते मला नंतर कळलं. टोळीचा ट्रक आमच्या गल्लीत शिरत नाही, फाट्यावर उभा राहतो. फाट्यापर्यंत माणसं न्यायची ती याच पिकअपनं. अजिनाथ प्रत्येक दारापुढे एक लांब हॉर्न देतो, म्हणजे बोचकी बाहेर काढा. पाराशी आला की दोन आखूड, म्हणजे चढा, निघाली. वर्षानुवर्षं मी हे ओट्यावर बसून ऐकत आलोय, ते कानात बसलेलं. यंदा हॉर्न बंद होता म्हणून अजिनाथनं दारोदार हाका मारून माणसं गोळा केली होती.

दोन आखूड दिल्यावर इंजिन चालू ठेवून मी जरा बसून राहिलो. घाई कसलीच नव्हती. तेवढ्यात गाडी मागून किंचित खाली बसली. मग पुन्हा. मग आणखी एकदा, या वेळी डाव्या बाजूनं. पाराभोवतीची माती भुसभुशीत आहे, चाकं रुतली असतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि गिअर टाकला.

काकू दारात उभ्या होत्या. काखेत लुगड्याचं बोचकं.

"आली का गाडी?" त्यांनी विचारलं.

"काकू, मी हॉर्न तपासत व्हतो. ऑपरेशन गुरुवारी हाय."

"आत्ता गं बाई." त्या स्वतःशीच हसल्या. "कानाला सवय हाय रं. वाजला की पाय निघतेत." बोचकं खाली ठेवून त्यांनी गाडीकडे तोंड केलं. त्या धुरातून काहीतरी बघायचा प्रयत्न करत होत्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "बाकीचे चढले वाटतं."

३

पाराकडून परतताना मला एक गोष्ट खटकली होती. स्टेअरिंग हलकं झालं होतं.

जाताना ते जड होतं. जुनी गाडी, पॉवर वगैरे काही नाही, चाक फिरवायला खांदा लावावा लागतो. येताना मात्र एका बोटानं फिरत होतं आणि गाडी पुढून तरंगल्यासारखी चालत होती. मी घरापुढे गाडी लावून चक्क खाली झोपलो आणि एकेक बघत गेलो. स्टेअरिंगचा बॉक्स ढिला नव्हता. टाय रॉडची टोकं घट्ट होती. किंगपिनमध्ये खेळ नव्हता. पुढच्या दोन्ही चाकांत हवा बरोबर. मग मी कॉलमचे बोल्ट आवळले, ते आधीच आवळलेले होते.

मेकॅनिकला हे माहीत असतं, मलाही माहीत होतं, पण ते मी सगळ्यात शेवटी मनात येऊ दिलं. स्टेअरिंग असं हलकं होण्याचं एक अगदी साधं कारण असतं. मागे माल भरला की मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो आणि पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं. मागे वीस माणसं बसलेली पिकअप अशीच चालते.

मी मागे जाऊन पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बघितले. कमानीसारखे वाकलेले असायला हवेत, ते सरळ झाले होते. एक तर उलटा वाकायला आला होता. हौदा रिकामा. एक स्टेपनी, एक दोर, आणि कधीचं तरी उसाचं वाळकं पाचट.

अजिनाथला फोन लावला. मागे कोयत्यांचा आणि पाचट तुडवल्याचा आवाज येत होता.

"पाटे बसलेत बे तुझे," मी म्हणालो. "कवाचे हायत?"

"आवो काका, दसऱ्याला तर नवे टाकलेत. मोकळ्या गाडीत कशाला बसतेत?"

"तेच म्हनतो मी."

मी जॅक लावला. रिकाम्या पिकअपची मागची बाजू मी हसत हसत उचलतो. त्या दिवशी दांडा दाबताना छातीत कळ आली आणि जॅक करकरायला लागला. हौद्याचा कडेचा पत्रा थोडासा वर आला, आणि हौद्याच्या फळ्या करकरल्या. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. तिरप्या गाडीत माणसं सावरून बसतात तशा.

मी जॅक सोडला. अंग पुसायला घरात गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

संध्याकाळ व्हायच्या आधी पाणी आणायला निघालो तेव्हा धुळाजीच्या दाराकडे लक्ष गेलं. कुलूप जागेवर होतं. काटी मात्र काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. वाऱ्यानं पडली असती तर आडवी पडली असती. डुकरानं ओढली असती तर गल्लीत आली असती. काट्यांची टोकं भिंतीकडे होती, कुणाला लागू नयेत म्हणून आपण वळवून ठेवतो तशी. मी ती उचलून परत दारापुढे लावली. हाताला रक्त आलं, आणि ते बघून बरं वाटलं, निदान काटा तरी खरा होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली नाही.

मी धावतच गेलो. काकू घरात नव्हत्या. त्या पिकअपच्या मागे उभ्या होत्या, एक हात फाळक्यावर, फाळका म्हणजे हौद्याची मागची झडप, आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. तांब्या त्यांनी वर धरला होता.

"काय करायलात काकू?"

"पानी द्यायले. कालपस्नं उनात बसलेत बिचारे. तुला कसं इचारावं वाटलं न्हाई?"

"कोन बसलंय?"

"आता मला काय दिसतंय का. पर हायत की." मग आवाज खाली आणून, जणू त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, "बोलत न्हाईत. मी दोन-तीनदा इचारलं कुठले हाव म्हनून. दमलेत वाटतं."

मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला. रिकामा होता. त्यांना दिसत नाही, सांडला असेल, असं म्हणून मी फाळक्याखालची माती बघितली. माती कोरडी होती.

काकूंना घरी नेऊन बसवलं आणि जरा रागानंच सांगितलं, गाडीत कुणी नाही, तुमच्या डोळ्यांचा खेळ आहे, ऑपरेशन झालं की कळेल. त्या ऐकून घेत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक दिवसांत नव्हती अशी टवटवी होती.

"अभिमन्यू," त्या म्हणाल्या, "तू रागावू नगं. पर बरं वाटतंय रं. घराबाहेर मानसं हायत म्हनल्यावर झोप लागली मला."

मला झोप लागली नव्हती.

मी गल्लीतून चक्कर मारली. एकाही दारापुढे काटी नव्हती. सगळ्या भिंतीला टेकवलेल्या, काटे आत वळवून. कुलपं मात्र सगळी बंद. मी मोजत बसलो नाही. ज्या ज्या दारापुढे मी थांबून हॉर्न दिला होता, तेवढ्या सगळ्या.

मग मी एक शहाणपणा केला. हॉर्नच काढून टाकला. ज्या घाटासाठी तो दुरुस्त केला त्याच घाटात आता बिनहॉर्नचा जाणार होतो, हे मला कळत होतं. पण पुन्हा चुकून तो वाजला तर काय होईल, हे मला बघायचं नव्हतं. दोन बोल्ट, एक तार. हॉर्न फडक्यात गुंडाळून घरातल्या कोनाड्यात ठेवला आणि दाराला कडी लावली.

५

गुरुवारी सकाळी निघालो. काकू केबिनमध्ये बसायला तयार नव्हत्या.

"मी मागं बसते की. समद्यांसंगट."

"काकू, वारं लागंल. डोळ्याचं हाय."

"बायामान्सं हायत मागं. आपन दोघंच पुढं, बरं दिसतं का?"

मी त्यांना जवळजवळ उचलूनच पुढे बसवलं. दार लावून ते दोनदा ओढून बघितलं. मला एवढंच कळत होतं की एकदा त्या मागे चढल्या तर त्यांना उतरवून घेणं माझ्या हातात राहणार नाही. का, ते विचारू नका. मागे चढलेल्याला पुढच्यानं उतरवायचं नसतं, एवढं मला गाडीनं शिकवलं होतं.

घाटात प्रत्येक वळणाला मी डोकं बाहेर काढून ओरडत गेलो. समोरून येणारे ट्रकवाले वेडा समजले असतील. स्टेअरिंग इतकं हलकं की चाक फिरवल्यावर गाडी थोडी उशिरा वळायची, आणि मागून येणारा झोक आपल्याला दरीकडे ढकलायचा. भरलेल्या गाडीला घाटात जसं वागवतात तसं मी तिला वागवलं. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. रिकाम्या गाडीचं नाटक करण्यात आता अर्थ नव्हता.

मांजरसुंब्याला चौकात पंक्चरवाल्याकडे हवा बघायला थांबलो. विजयसिंह त्याचं नाव, ओळखीचा आहे. तो लांबूनच ओरडला, "काय काका, पाटे मोडतेत ना. किती भरली?" आणि हवेचा पाइप घेऊन मागे आला. हौद्यात बघितलं. पाट्यांकडे बघितलं. परत हौद्यात बघितलं. मग मागच्या चाकांत जास्त हवा भरली, जेवढी भरलेल्या गाडीला लागते तेवढी, आणि पाइप गुंडाळत दुकानात गेला. नेहमी चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

काकूंचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी बांधून त्यांना त्यांच्या मुलीकडे पोचवलं. सुनिता तिचं नाव, तिथेच बीडमध्ये राहते. पट्टी दुसऱ्या दिवशी सोडणार होते. मी बाहेरच्या खोलीत झोपलो, म्हणजे पडून राहिलो. पिकअप रस्त्याच्या कडेला होती, भर वस्तीत, दिव्याखाली. तरी मी खिडकीला पडदा लावून घेतला.

६

पट्टी निघाली तेव्हा काकूंनी आधी सुनिताचं तोंड बघितलं आणि रडल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती वाळलास रं तू. मला धुरात धडधाकट दिसायचास." त्या हसल्या, सुनिता हसली, मीसुद्धा. डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली पिशवीत टाकली आणि आम्ही निघालो. सुनिता म्हणत होती, आई, चार दिवस राहा. काकू ऐकेनात. घर बघायचंय म्हणाल्या, नव्या डोळ्यानं.

मला आनंद झाला, तो लपवत नाही. काकू परत येणार, उद्या सकाळी भिंतीपलीकडून हाक येणार. बाकीच्याचं काय ते बघता येईल.

गावाबाहेर पडेपर्यंत काकू सगळं वाचत होत्या. वाचता येत नाही त्यांना, पण पाट्या, दुकानं, बायकांची लुगडी, उसाच्या मोळ्या, एकेक बोट दाखवून बघत होत्या. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"मागच्यांना इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या आणि वळून केबिनच्या मागच्या काचेतून हौद्यात बघितलं.

मी रस्त्याकडे बघत होतो. मला त्यांचा फक्त श्वास ऐकू आला. तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग त्या सरळ होऊन बसल्या, हात मांडीवर, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

बरंच अंतर तसंच गेलं.

"अभिमन्यू, गाडी वळीव. मला सुनिताकडं सोड."

"काय झालं काकू?"

"वळीव म्हनते ना."

मी वळवली. चाक एका बोटानं फिरलं. परत सुनिताच्या दारात गाडी थांबवली. काकू उतरल्या, आणि उंबऱ्यावर पोचल्यावर, मागे न वळता, भिंतीला धरून थांबल्या. मी पिशवी घेऊन मागे उभा होतो.

"काय दिसलं काकू? मला तरी सांगा."

"समदी दाटीवाटीनं बसलीत," त्या म्हणाल्या. "मधी एका मानसाची जागा धरलीया. बोचकं ठेवून. मला वाटलं, माझी आसंल. मी खुनंनं इचारलं."

"मग?"

"न्हाई म्हनले. माझी न्हाई." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. "तू बी हितंच ऱ्हा पोरा. जाऊ नगं तिकडं. तिथं कोनी न्हाई आता."

सुनितानंही आग्रह केला. मी म्हणालो, बघतो, गाडी तरी पोचवायला पाहिजे. काकू आत गेल्या. त्या आता वस्तीवर परत येणार नाहीत हे मला त्यांच्या पाठीकडे बघूनच कळलं.

७

मला भीती वाटत होती. आणि एकटं वाटत होतं. दोन्हींपैकी कुठलं जास्त, हे मला त्या दिवशी मांजरसुंब्यापर्यंतच्या रस्त्यात कळलं, आणि कळल्यावर भीती वाढली.

गाडी तिथेच बीडमध्ये सोडून देता आली असती. सुनिताच्या बाहेरच्या खोलीत पडून राहता आलं असतं, तिच्या नवऱ्यानं रोज सकाळी "मामा, चहा घेतला का" विचारलं असतं, उपकार केल्यासारखं. किंवा चालत वस्तीवर जाता आलं असतं, त्या गल्लीत, जिथे आता भिंतीपलीकडून कुणी विचारणार नव्हतं उठलास का. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर आणून बघितल्या. मग चाक धरलं. हलकं होतं. पहिल्यांदाच मला ते हलकेपण बरं वाटलं, आणि मी गाडी चालवताना मागच्या झोक्याला सांभाळून घ्यायला लागलो, खड्डा आला की हळू करायला लागलो.

मांजरसुंब्याच्या चौकात दुपारचं ऊन होतं. धाब्यांपुढे ट्रक उभे, उसाच्या गाड्या जात होत्या, गर्दी होती. मी भाजीच्या दुकानापुढे थांबलो. मेथीच्या जुड्या घेतल्या, वांगी घेतली, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर. नेहमी घेतो तेवढंच घ्यायचं मनात होतं. पण हात थांबेना. ज्वारीच्या पिठाची थैली घेतली, एक मोठी. मग तिखटाचा पुडा.

दुकानात मालक शिवशंकरची बायको वनमाला बसते. ती म्हणाली, "काका, एवढं? पावने आलेत का?"

"हाव," मी म्हणालो. "आलेत."

ती माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघून हसली, कुणाला तरी ओळख दाखवल्यासारखं, आणि मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. ती पदराशी चाळा करत आत गेली.

पिशव्या जड होत्या. केबिनमध्ये ठेवायला जागा होती. तरी मी मागे गेलो. मान खाली घातली होती, पायातल्या चपलांकडे बघत होतो. फाळक्यावरून पिठाची थैली वर धरली.

कुणीतरी ती माझ्या हातातून घेतली. ओढून नाही. गाडीत बसलेला माणूस खालच्याची पिशवी जशी सवयीनं वर घेतो, तशी. मग वांग्यांची पिशवी. मग मेथी. मी तेवढ्यात हात बघितला. मनगटापर्यंत. उसाच्या पातीनं कापल्याच्या जुन्या रेघा होत्या त्यावर, आमच्याकडे सगळ्यांच्या हातांवर असतात त्या. नखात काळी राख.

पिशव्या संपल्या. हात मात्र वर गेला नाही. पंजा उघडा करून तो माझ्यासमोर थांबला, चढायला आधार देतात तसा.

चौकात गाड्या जात होत्या. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं.

"आन् मग गाडी कोन चालवंल?" मी विचारलं. माझा आवाज मला अगदी साधा वाटला.

हात हलला नाही. तेवढ्यात पुढून, केबिनच्या बाजूनं, हॉर्न वाजला. दोन आखूड.

तो हात अजून खालीच होता, माझ्यासमोर.